मीटरसाठी चार शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

संपादक म्हणाले, आत्मचरित्र लिहायचं तर आधी महिना-दोन महिने रोजनिशी लिहा, हात मोकळा होईल. गेली चौदा वर्षं माझा हात फक्त गिअर बदलायला मोकळा आहे. म्हणून ही वही. ती गाडीतच ठेवणार आहे, कारण मला वेळ मिळतो तो दोन शिकाऊंच्या मधे. एक घाम पुसत उतरतो, दुसरा घाम घेऊन चढतो, त्या वीस मिनिटांत स्टिअरिंगवर वही टेकवून लिहायचं.

आत्मचरित्राचा नायक असा : वय एकोणसाठ, पोट नायकाला शोभणार नाही असं, धंदा मोटार चालवायला शिकवण्याचा. एके काळी गाणी लिहायचो. एकशे बारा ध्वनिमुद्रित झाली, नऊ गाजली, आणि एक माझ्या मानगुटीवर बसलं ते उतरायला तयार नाही. 'लिफ्ट अडकली, लिफ्ट अडकली, चौथ्या-पाचव्याच्या मधे लिफ्ट अडकली, तू म्हणालीस बटण दाब, मी म्हटलं कशाला.' मी गेलो की 'लिफ्टवाले गेले' अशी बातमी येणार आणि लोकांना वाटणार, दुरुस्तीवाला गेला.

पुस्तकाचं नाव त्यांनीच ठरवून टाकलंय : 'मी का थांबलो'. आता का थांबलो तेवढं मी लिहायचं.

६ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण झालं. सहा पानं. त्यात 'मूल्यं' हा शब्द अकरा वेळा आलाय. सारांश असा, की गाण्यातला शब्द स्वस्त होत चालला, चालीखाली अर्थ चिरडला जाऊ लागला, तेव्हा मी जाहीर पत्र लिहून, मान ताठ ठेवून बाहेर पडलो. वाचताना माझाच ऊर भरून आला. असा माणूस आपल्या ओळखीचा असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

शेवटी त्या ओळीचा उल्लेख केलाच आहे, 'रिकामं घर, तरी कुलूप हळूच लावलं'. माझ्या अखेरच्या गाण्यातली. लिफ्टचा डाग एवढ्या एका ओळीनं धुतला गेला. पुरस्कार मिळाला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. अजूनही कुणी भेटलं की ती म्हणून दाखवतात आणि मी नम्रपणे मान खाली घालतो. मान खाली घालण्यात मी तरबेज आहे.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाक्यं छान आहेत." मग गॅस बंद करायला उठून गेली. गॅस चालू नव्हता.

११ फेब्रुवारी

बायको इस्पितळाच्या औषधखिडकीत काम करते. तिच्या खिडकीवर काल वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे मीटरची बायको. आणि मीटर म्हणजे माझा संगीतकार. अठरा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मी ओळ वाचायचो आणि तो बोटानं टेबलावर टकटक करत अक्षरं मोजायचा, म्हणून हे नाव. चौदा वर्षांत आम्ही एक शब्द बोललेलो नाही. त्या जाहीर पत्रात मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण 'चालीखाली अर्थ चिरडणारे' कोण ते दूधवाल्यालासुद्धा कळलं होतं.

दीड महिन्यापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडाफार चालतो. वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही.

बायको एवढंच म्हणाली, की तू जाऊन ये. मी म्हटलं, या आठवड्यात दंतवैद्यांचे रिव्हर्सचे धडे आहेत. माझ्याकडे शिकायला येणारे हे एक दंतवैद्य, लोकांच्या तोंडात न घाबरता ड्रिल घालतात, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की डोळे मिटतात. कारण अगदी खरं होतं. मला कारणं नेहमी खरीच सापडतात.

१४ फेब्रुवारी

गेलो. दारात उभं राहून तीन वाक्यं तयार केली होती. वहिनींनी दार उघडलं, "या भावजी" म्हणाल्या, जसा काही मी परवाच येऊन गेलोय. तिन्ही वाक्यं तिथेच विसरलो.

मीटर खिडकीपाशी खुर्चीत होता. दाढी कुणीतरी दुसऱ्यानं केलेली, हनुवटीखाली राहून गेलेली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तेच."

मी म्हटलं, ओळखलंस ना. "तेच तेच." कसा आहेस? "तेच." वहिनींनी सांगितलं, की एवढा एकच शब्द उरलाय. पाणी हवं तरी तेच, दुखतंय तरी तेच, राग आला तरी तेच. तो मान हलवतो तीही कधी होकाराची असते, कधी नुसतीच हलते. एकदा रात्रभर त्याच्या पाठीखाली चष्मा होता आणि तो तेच तेच म्हणत होता.

मग त्याची स्पीच थेरपिस्ट आली. माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. पाठीवर सॅक, पायात खेळाडूंचे बूट. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, आता गाऊ या. तिनं सुरुवात करून दिली आणि मीटर गायला लागला. शब्दांसकट. एकही शब्द न अडखळता. 'तू म्हणालीस बटण दाब, मी म्हटलं कशाला.'

मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. डिसेंबरचं होतं.

थेरपिस्टनं समजावलं, की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूनं चालतं. त्याची बोलण्याची बाजू मार खाल्लेली आहे, दुसरी शाबूत आहे. म्हणून पाठ असलेलं गाणं येतं. तिला त्या वाटेनं रोजचे शब्द बाहेर काढायचे आहेत. मी विचारलं, बाकीची गाणी येतात का? ते कुलपाचं? नाही म्हणाली. हे एकच येतं.

एकशे बारांतलं हेच.

१८ फेब्रुवारी

तिला कळलं मी कोण ते. मग काय, काम लावलं. छोटी छोटी वाक्यं हवीत. तीन ते सहा अक्षरं, रोज लागणारी, दोन सुरांत बसणारी. मी घरी येऊन बैठक मारली. चौदा वर्षांनी लेखणी उचलली या कल्पनेनं स्वतःच हेलावलो आणि एका दुपारी बावीस वाक्यं लिहिली.

तिनं कागद वाचला. पहिलं वाक्य होतं, 'तहानेनं ओठ सुकले'. ती अगदी सभ्यपणे म्हणाली, की काका, त्यांना पाणी प्यायचंय.

बावीसपैकी तिनं शून्य ठेवली. तिथंच बसून मी 'पाणी दे' लिहिलं. कुठल्याही पुरस्कार समितीनं माझं एवढं कौतुक केलं नव्हतं, जेवढं तिनं त्या दोन शब्दांचं केलं.

२५ फेब्रुवारी

आता रोज सकाळी पहिल्या शिकाऊच्या आधी जातो. पद्धत अशी : मी त्याचा डावा हात टेबलावर धरायचा आणि प्रत्येक अक्षराला एक टकटक. पा, णी, वरच्या सुरात. दे, खालच्या. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मी मधेच गप्प व्हायचं, मग त्यानं एकट्यानं. शेवटी सुरावर न म्हणता सरळ बोलायचं. त्याला घाम फुटतो. मला दंतवैद्य आठवतात.

आज सातव्या दिवशी मी गप्प झालो आणि तो थांबला नाही. "पाणी दे." वहिनी पाणी घेऊन आल्या. त्यानं एक घोट घेतला. तहान नव्हतीच बहुधा. मग पुन्हा, "पाणी दे." दुसरा पेला. चार पेले झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, आता दुसरं काहीतरी लिहा, नाहीतर हे बुडतील."

दुसरं तयारच होतं. खिडकी उघड. दिवा लाव. इकडे ये. जवळ बस. हे शेवटचं त्याच्याकडून वदवून घेतलं तेव्हा वहिनी बसल्या नाहीत, कपाट आवरायला लागल्या. मला वाटलं, चाल आवडली नसावी.

संपादकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हे तुमचं शेवटचं प्रकरण आहे." खोटं कशाला बोलू, हे मला आधीच सुचलं होतं. त्यांच्या तोंडून यावं म्हणून थांबलो होतो.

३ मार्च

संपादकांची कल्पना : छोटीशी फिल्म. दोन मिनिटं. मी, मीटर, हातावर हात, आणि शेवटी लिफ्ट. पुस्तकाआधी लोकांपुढे यायला हवी.

मला संकोच वाटला. तो किती वेळ टिकला ते मी घड्याळात बघितलं नाही.

वहिनींना विचारलं. त्या ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "त्यांना विचारा." बरोबरच आहे. विचारलं. नीट समोर बसून, सावकाश, सगळं समजावून. म्हटलं, लोक तुला विसरलेत, त्यांना पुन्हा आठवशील, चालेल ना? तो माझ्याकडे बघत राहिला. "तेच," म्हणाला. मान हलली. मी म्हटलं, म्हणजे हो ना? "तेच तेच."

दोनदा विचारून घेतलं. उगीच कुणी म्हणायला नको.

थेरपिस्ट रजेवर आहे, तिला आल्यावर सांगीन.

८ मार्च

चित्रण झालं. कॅमेरावाल्यानं खुर्ची खिडकीपासून काढून भिंतीशी लावली, उजेड चांगला येतो म्हणून. मीटरला त्यानं लोंबणारा उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितलं. मीटरनं डाव्या हातानं उजवा उचलून ठेवला. पडला. पुन्हा ठेवला. कॅमेरावाला म्हणाला, राहू दे, तसाच छान दिसतोय.

मी निळा सदरा घातला होता. बायको म्हणाली होती, की तू नटतोयस कशाला? मी म्हटलं, नटतोय कुठे, इस्त्रीचा तेवढा एकच होता. कपाटात सात आहेत.

मीटर दोनदा अडला, तिसऱ्यांदा पूर्ण गायला. मी डोळे पुसले. पहिल्यांदा पुसले तेव्हा माझा चेहरा सावलीत होता, म्हणून परत पुसले.

१२ मार्च

लाखांनी बघितलंय. दुकानदार मला बघून हात जोडतो. शाळेतल्या एका मित्राचा चाळीस वर्षांनी फोन आला. लोकांनी खाली काय काय लिहिलंय : देवमाणूस, मैत्री असावी तर अशी, रडू आवरलं नाही. मी सगळं वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काहींनी त्या गाण्यावर हसून लोळणाऱ्या तोंडांची चित्रं टाकलीत. काहींनी मीटरचा वाकडा ओठ तेवढा कापून, त्यावर लिफ्टचा आवाज लावून स्वतःचं काहीतरी केलंय. ते मी बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

दंतवैद्यांनी आज पहिल्यांदा गाडी सरळ मागे घेतली. हँडब्रेक ओढून म्हणाले, व्हिडिओ बघितला, तुम्ही चांगलं काम करताय. मग जरा वेळानं म्हणाले, "त्या गृहस्थांना आवडलं का हो, असं दाखवलेलं? माझ्याकडे लोक तोंड उघडून पडलेले असतात, त्यांनाही काही विचारलं की ते आँ आँ करतात. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावतो."

मी म्हटलं, समोर बघून चालवा. गाडी उभी होती.

१३ मार्च

सकाळी गेलो तर वहिनींच्या भाच्यानं मीटरला फोनवर व्हिडिओ दाखवलेला होता. मूळचा नव्हे, तो ओठांचा.

मी नेहमीसारखा खुर्ची ओढून बसलो, त्याचा हात घेतला. त्यानं काढून घेतला. मी म्हटलं, चल, खिडकी उघड. तो ओरडला, "पाणी दे." मी पेला पुढे केला. त्यानं पेला हातानं उडवला, तो भिंतीवर फुटला. "पाणी दे. दिवा लाव. जवळ बस." चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा फुगलेल्या आणि तोंडातून हे. "जवळ बस, जवळ बस." त्याला काय म्हणायचं होतं ते आंधळ्याला दिसलं असतं. मी मात्र विचारलं, "अरे, जवळ बसू का?"

थेरपिस्ट कामावर परतली आहे. तिनं मला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, की काका, त्यांच्या 'तेच'ला आणि मान हलवण्याला आपण संमती धरत नाही, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत मी ते उतरवलेलं नाही. मग सॅकमधून माझ्या वाक्यांची यादी काढली. तेवीस झाली आहेत आता. म्हणाली, "परवा रात्री ही वाचत होते, तेव्हा लक्षात आलं. चूक माझीही आहे. यात सगळं मागणं आहे. दे, ये, लाव, उघड. ह्यांना कशालाही नकार द्यायची सोयच आपण ठेवलेली नाही."

तेवीस वाक्यं लिहिली आणि 'नको' लिहिलं नाही. शब्दांचा कारागीर म्हणे.

१५ मार्च

आज 'नको' शिकवलं. दोन अक्षरं. न खाली, को वर. मीच शिकवतो म्हणालो. थेरपिस्टनं जरा बघितलं माझ्याकडे, पण बसू दिलं.

मीटरनं हात दिला. कामापुरता. मी गुणगुणलो, तो गुणगुणला. मग दोघांनी मिळून. मग मी थांबलो. इतक्या लवकर कुठलाच शब्द आला नव्हता. तिसऱ्याच वेळेला, सुरावर नव्हे, सरळ बोलून, "नको."

थेरपिस्टनं टाळी वाजवली. पाणी हवं? "नको." दिवा? "नको." वहिनी हसायला लागल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच. मलाही चेव आला. मी म्हटलं, मग उद्या सकाळी येऊ ना, नेहमीच्या वेळेला?

त्यानं माझ्याकडे पूर्ण वळून बघितलं. "नको."

परवा? "नको." वहिनी खाली बघत होत्या. मी म्हटलं, बरं. चप्पल घालताना डावी उजव्या पायात घातली. जिन्यात लक्षात आलं, पण तशीच घालून खालपर्यंत आलो. त्यासाठी मधे कुठे थांबायचं.

शिष्य इतक्या पटकन तयार झाल्याचा गुरूला आनंद व्हायला हवा.

१९ मार्च

चार दिवस गेलो नाही. सकाळची ती वेळ गाडीत बसून काढतो, नुसताच. आज बायको कामावर जाताना शेजारच्या सीटवर येऊन बसली, म्हणाली, सोड मला. सोडायला निघालो. इस्पितळाच्या अलीकडे म्हणाली, थांब जरा.

मी म्हटलं, त्यानं मला हाकललं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, बरोबर केलं त्यानं. ती म्हणाली, हो. असं बायकोनं लागोपाठ दोनदा माझ्याशी सहमत होणं घरात घडत नाही.

मग मी तिला ते सांगितलं, जे चौदा वर्षांत सांगितलं नव्हतं. सहा पानांतलं सगळं झूट आहे. शेवटच्या दोन वर्षांत मला सुचत नव्हतं. कागद कोराच्या कोरा. मी अर्धवट, फाटक्या ओळी मीटरकडे पाठवायचो आणि चकचकीत गाणी परत यायची. आधी वाटलं, एखादा शब्द चालीसाठी बदलला असेल. मग एक दिवस ध्वनिमुद्रण ऐकलं, त्यात कुलपाचा पूर्ण अंतरा होता. मी लिहिलेला नव्हता. खाली नाव माझं. पुरस्कार मी घेतला. भाषण केलं. आणि दुसऱ्या आठवड्यात मूल्यांचं पत्र लिहिलं, कारण त्यानं चोरी केली असती तर त्याच्यावर फिर्याद करता आली असती. त्यानं उपकार केले होते. त्याचं काय करायचं ते मला कळेना.

बायकोनं सीटबेल्ट सोडला. मग म्हणाली, "तो माझ्याकडे आला होता, तेव्हा. विचारायला. म्हणाला, ह्याला काही सुचत नाहीये, मी सांगू की भरून टाकू? मी म्हटलं, भरून टाक. सांगू नकोस."

मला काही बोलता येईना. 'तेच' सुद्धा नाही.

ती म्हणाली, "चूक झाली माझी. सांगायला हवं होतं. पण तू इतका खूश असायचास रेकॉर्ड आली की." मग घड्याळ बघून उतरली, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, की निळा सदरा धुवायला टाक, कॉलर मळलीय.

मी तिथं नो-पार्किंगमध्ये अर्धा तास उभा होतो. इतरांना हेच करू नका म्हणून शिकवतो.

२२ मार्च

संपादकांना भेटलो. व्हिडिओ काढून टाका म्हटलं. ते म्हणाले, आता काढून काय उपयोग, सगळीकडे पसरलाय. मी म्हटलं, तुमच्याकडचा तरी काढा. बराच वाद झाल्यावर काढला. मग मी सांगितलं, की पुस्तक लिहीन, पण पहिल्या प्रकरणात कुलपाचा अंतरा कुणाचा ते येईल. त्यांनी चहा ढवळला. म्हणाले, मग 'मी का थांबलो' हे नाव बसणार नाही. मी म्हटलं, नाही बसणार. त्यांना नाव फार आवडलेलं होतं. पुस्तक थांबलं.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. इतका मोठा त्याग केल्यावर आतून काहीतरी उजळतं म्हणतात. मला ॲसिडिटी झाली.

घरी येऊन मीटरला पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'अंतर्मन' आलं, फाडला. दुसऱ्यात स्वतःची दया आली, फाडला. तिसरा चार ओळींचा झाला. कुलपाचा अंतरा तुझा. मला तेव्हाच माहीत होतं. जाहीर पत्रात खोटं लिहिलं. व्हिडिओसाठी तू हो म्हणाला नव्हतास, मीच 'हो' ऐकलं. पुढे 'माफ कर' लिहिणार होतो, पण तेही मागणंच झालं. नुसतीच सही केली.

वहिनींच्या हातात देऊन जिन्यावरूनच परतलो.

३० मार्च

काही नाही. दंतवैद्य परीक्षा पास झाले. मला फुलं आणली आणि माझी दाढ फुकट बघून दिली. किडलेली आहे.

५ एप्रिल

सकाळी वहिनींचा फोन. म्हणाल्या, "भावजी, या जरा. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय." मी विचारलं, काय? म्हणाल्या, मला सांगत नाहीत, मला खोलीतून बाहेर काढतात. ती पोरगी आणि हे, दोघं दार लावून नऊ दिवस बसलेत.

नऊ दिवस. मी सदरा बदलला नाही, गाडी शिकवायचाच घालून गेलो. जिना चढताना मनात सगळी वाक्यं येऊन गेली, तो मला काय काय म्हणू शकतो त्यांची. त्यातली निम्मी माझ्या बाजूची होती. सवय जात नाही.

खुर्ची परत खिडकीपाशी आहे. दाढी आज त्यानं स्वतः केली होती, डाव्या हातानं, दोन ठिकाणी कापलेली. थेरपिस्ट कोपऱ्यात सॅक मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला खूण केली, की बसा आणि मधे बोलू नका. मी बसलो. मधे न बोलणं मला जमतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मीटरनं डावा हात टेबलावर ठेवला. कुणी धरला नाही. स्वतःच टकटक करू लागला. ओठ जुळले, सुटले. पहिला शब्द निम्मा आला आणि गेला. त्यानं डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घामाचे थेंब आले. मला त्याच्या तोंडातला शब्द दिसत होता, अगदी दातांमागे येऊन उभा. मी ओठ घट्ट धरले. अठरा वर्षांत एवढा वेळ मी त्याच्यापुढे गप्प बसलो नव्हतो.

"वाईट," तो म्हणाला. थांबला. टकटक. "लिहितोस."

मी म्हटलं, हो.

त्यानं हात उचलला, म्हणजे अजून संपलेलं नाही. दम घेतला. "रोज ये."

थेरपिस्टनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप आहेत. दाराआड वहिनी होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं. कैक वाक्यं तयार होती आणि एकजात सगळी त्याच्या मताला दुजोरा देणारी.

मी विचारलं, किती वाजता येऊ?

तो विचार करू लागला. आकडे अजून त्याच्याकडे आलेले नाहीत, ते पुढच्या महिन्यात घेणार आहेत. त्यानं एक बोट टेबलावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. साडेदहाची शिकाऊ खाली येऊन उभी असणार हे मला माहीत होतं. फोन दोनदा वाजला. मी बंद करून खिशात ठेवला, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि बसून राहिलो.